उंबरठ्यावरचा जीव



कोकणातील एका भगिनीने विचारलेल्या प्रश्नावर या महिन्याचा पाठ आधारलेला आहे. गावाबाहेरील काजूच्या बागेत ती व तिचे पती नऊ कुत्र्यांचा सांभाळ करतात. त्यांतील एक आंधळे आहे, एकाचे मागचे पाय वाहनाखाली निकामी झाले आहेत, दोन भीतीपोटी अंगावर धावतात आणि उरलेली वृद्ध आहेत. त्यांना नेण्यास कोणीही तयार नाही. सासऱ्यांचे म्हणणे असे की, या सहवासामुळे घरातील नमाज नासते आणि हा पैसा अनाथांच्या तोंडचा आहे. दोन महिन्यांपासून त्यांनी सुनेच्या हातचे पाणी वर्ज्य केले आहे. ती विचारते, "मी गुन्हेगार आहे का?"

या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत : पाकी, दया आणि जबाबदारी. त्या वेगळ्या केल्याशिवाय उत्तर सापडणार नाही.

प्रथम पाकीचा विचार करू. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई फिकहचे अनुयायी आहेत. या फिकहनुसार कुत्र्याचे संपूर्ण शरीर नजीस असून, त्याची लाळ किंवा ओले अंग लागल्यास ती जागा सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीमिश्रित पाण्याने धुवावी लागते. हनफी फिकहमध्ये लाळ नजीस आहे, परंतु शरीर मूलतः नजीस नाही. इमाम मालिक (रह.) यांच्या मते कुत्रे पाक आहे आणि भांडे धुण्याचा आदेश केवळ आज्ञापालन म्हणून आहे. मतभेद असले, तरी यांपैकी कोणाच्याही मते नजीस वस्तूला हात लावणे हे स्वतःच पाप ठरत नाही. अंग धुतले की ते पाक होते. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर शाफई फिकहनुसारही धुण्याची गरज नाही. तेव्हा बागेतील कामाचे कपडे वेगळे ठेवून, हात-पाय नियमानुसार धुऊन घरी परतणाऱ्या सुनेच्या हातचे पाणी निःसंशय पाक आहे.

ज्या घरात कुत्रे असते तेथे रहमतचे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, आणि शिकार, गुरे वा शेतीच्या राखणीखेरीज कुत्रे पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज घट होते, अशा आशयाच्या सहीह हदीस आहेत. त्यांना वळसा घालून पुढे जाता येणार नाही. म्हणूनच निवारा घराबाहेर असणे ही केवळ सोय नसून ती अदब आहे. हौसेखातर कुत्रे घरात बाळगणे आणि बेवारस, जखमी जिवाला घराबाहेर आश्रय देणे, या दोन कृतींचा हेतू व स्वरूप भिन्न आहे, असे या लेखकाला वाटते. तरीही आपल्या परिस्थितीचा निर्णय स्थानिक आलिमांच्या सल्ल्याने करावा.

आपण दर शुक्रवारी सूरह कहफचे पठण करतो. गुहेतील त्या श्रद्धावान तरुणांसोबत एक कुत्रा होता. पुढचे पाय पसरून तो उंबरठ्यावर बसला होता, असे अल्लाहने अठराव्या आयतीत सांगितले आहे. त्याची जागा आत नव्हती, पण त्याला हाकलूनही दिले नव्हते. शतकानुशतके तो उंबरठा आपल्या जिभेवर आहे. आपल्या आचरणात तो आहे का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता दया. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला पाहून एक माणूस विहिरीत उतरला, चामडी मोजा पाण्याने भरून तो त्याने दातांत धरला आणि वर येऊन कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याला क्षमा केली. जनावरांच्या बाबतीतही पुण्य मिळते का, असे सहाबांनी विचारले असता, प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. तो कुत्रा राखणीचा नव्हता, शिकारीचाही नव्हता. त्याच्याकडून त्या माणसाला काहीही मिळणार नव्हते.

परंतु बुखारी व मुस्लिम या संग्रहांत दुसरीही एक हदीस आहे. एका स्त्रीने मांजर कोंडले, त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यासाठी सोडलेही नाही. ते मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. निवारा चालविणाऱ्याने या दोन्ही हदीस डोळ्यांपुढे ठेवाव्यात. दार बंद केले की त्या जिवाचे अन्नपाणी आपल्या मानेवर येते. सन 1910 मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यांवरील हजारो कुत्री पकडून मारमारा समुद्रातील एका ओसाड बेटावर सोडण्यात आली. तेथे तहानभुकेने त्यांचा अंत झाला. जागा दिली, पण अन्नपाणी दिले नाही, तर तो निवारा होत नाही. म्हणून नऊ जिवांचे पोट भरत असेल तर दहावा आणण्यापूर्वी हिशेब करावा. दया मोठी आणि ऐपत लहान असेल, तर नाही म्हणणे हीसुद्धा अमानतदारी आहे.

शाफई परंपरेतील थोर आलिम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (रह., मृत्यू हि. 660) यांनी 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात जनावरांचे माणसावरील हक्क नोंदविले आहेत. जनावर जर्जर वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च मालकाने करावा, इजा करणाऱ्या दुसऱ्या जनावरासोबत त्याला ठेवू नये, असे ते सांगतात. आंधळ्या कुत्र्याला वेगळा कोपरा हवा, ही गोष्ट आपल्या फिकहने साडेसातशे वर्षांपूर्वीच सांगितली आहे.

माणसांची सुरक्षितता हीदेखील शरीअतची चिंता आहे. चावऱ्या कुत्र्याला हरमच्या हद्दीतही मारण्याची मुभा हदीसमध्ये आहे. म्हणून अंगावर धावणाऱ्या दोघांना दुहेरी कुंपण असावे, सर्वांना रेबीजची लस टोचलेली असावी आणि मुलांना एकटे आत सोडू नये. कोणाला चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राहिला पैशाचा प्रश्न. येथे सासऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत ठरवून दिले आहेत. जकातीचा एक रुपयाही या कामी वापरता येणार नाही. कुटुंबाचा खर्च आणि कर्जफेड यांचाही हक्क आधी आहे. त्यानंतर उरलेल्या स्वतःच्या कमाईतून ऐच्छिक सदका म्हणून खर्च करण्यास हरकत नाही. जमाखर्चाची वही वेगळी ठेवावी आणि ती सासऱ्यांना स्वतःहून दाखवावी.

भगिनी, पाकी सांभाळून आणि ऐपतीच्या मर्यादेत केलेल्या या सेवेमुळे तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मात्र सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांची चिंता नमाजेची आहे आणि ती चिंता मोलाची आहे. आणि आदरणीय बुजुर्ग, आपणांसही नम्र विनंती : एकदा बागेपर्यंत जाऊन या. आत जाऊ नका, कुंपणापाशीच उभे राहा. परतल्यावर सुनेच्या हातचे पाणी प्या.

अल्लाह आपल्या घरांत पाकी आणि अंतःकरणांत रहमत नांदवो. आमीन.