पैसे भरले, तरी व्हॉल्व्ह उघडेना

इंदापूर तालुक्यात मार्च सरत आला की विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केलेली असते. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, याचीच चर्चा जिकडेतिकडे चालू असते. आणि आंबे बहाराच्या डाळिंबाला नेमकं त्याच दिवसांत मापात पाणी लागतं. पाळ्या चुकल्या आणि नंतर एकदम भरपूर पाणी दिलं, तर बहाराचं नुकसान ठरलेलं. आमच्या ठिबकच्या ऑटोमेशनचं लायसन्स संपण्याची तारीख मात्र होती 31 मार्च, कारण कंपनीचं हिशेबाचं वर्ष त्या दिवशी संपतं. पिकाचं वर्ष कोणी विचारातच घेतलं नव्हतं.

पुढच्या वर्षाचे पैसे आम्ही मुदतीच्या आधीच भरले होते. पावती मोबाईलवर आली होती. पण पैसे आले हे कंपनीच्या सर्व्हरला कळलं, बागेतल्या कंट्रोलरला नाही. कंट्रोलरनं आतल्या सिमवरून सर्व्हरला विचारायचं आणि नवी तारीख घ्यायची, अशी त्याची रचना. त्याच दिवसांत रस्त्याच्या खोदाईत केबल तुटली आणि गावचा टॉवर बंद पडला. मुदतीनंतरचे सवलतीचे मोजके दिवसही त्यातच संपले. रात्रपाळीची थ्री फेज लाइट आली, पण पडद्यावर ‘लायसन्स संपले’ एवढंच, आणि एकही व्हॉल्व्ह उघडेना. कंट्रोलरच्या पेटीवर ‘मॅन्युअल’ लिहिलेलं बटण होतं. तेही सॉफ्टवेअरमधूनच जात होतं, त्यामुळे तेही बंद.

त्या रात्री पाणी सुटलं ते आमच्या अण्णांमुळे. ठिबकच्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हच्या डोक्यावर काळी कॉइल असते. बहुतेक व्हॉल्व्हवर ती हातानं पाव फेरा सैल केली किंवा शेजारचा छोटा स्क्रू ढिला केला, की आतला दाब सुटतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. त्याला वीज लागत नाही, लायसन्स लागत नाही. बसवणाऱ्या पोरानं पहिल्याच दिवशी हे दाखवलं होतं, आणि अण्णांनी ते लक्षात ठेवलं होतं. त्यांनी पंपाच्या स्टार्टरची कळ ऑटोवरून मॅन्युअलवर टाकली आणि बॅटरीच्या उजेडात एकेक प्लॉट भिजवून घेतला. तुमच्याकडे ऑटोमेशन असेल तर आजच बांधावर जा आणि घरातल्या प्रत्येकाला हे करून दाखवा, बायकांना आणि पोरांनाही. रात्री घरी कोण असेल, सांगता येत नाही.

पुढे टॉवर चालू झाला, तरी पेटी चालू झाली नाही. याचं कारण कंपनीच्या फोनवरच्या माणसालाही सांगता आलं नाही. ते सापडलं बारामतीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला. पेटीत रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. लाइट गेल्यावर आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. उन्हात तापणाऱ्या पेटीत तो सेल लवकर मरतो. सेल मेलेला असला की लाइट गेल्यावर तारीख पुसली जाते, आणि लाइट आली की घड्याळ 1 जानेवारी 1970 पासून सुरू होतं. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना पेटी सर्व्हरचं ओळखपत्र तारखेशी ताडून बघते. तारीखच चुकीची, म्हणून ती ओळखपत्र नाकारते. जोडणी नाही म्हणून खरी तारीख मिळत नाही, आणि तारीख नाही म्हणून जोडणी होत नाही. नवा सेल घालून तारीख हातानं भरली, तेव्हा नवं लायसन्स उतरलं. हा सेल किरकोळ किमतीला मिळतो. दर दिवाळीत तो बदलून टाका.

हे सगळं टाळता येण्यासारखं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. सततच्या इंटरनेटशिवाय लायसन्स तपासण्याची सोय जगात जुनी आहे. कंपनी लायसन्सच्या फाइलवर डिजिटल सही करते, सही तपासायची चावी यंत्रातच असते, आणि यंत्र कुणालाही न विचारता ती पडताळतं. तलाठ्याच्या सहीशिक्क्याचा उतारा दाखवताना तलाठ्याला सोबत न्यावं लागत नाही, तसंच हे. मोठ्या कार्यालयांतल्या विंडोजच्या लायसन्सची एक पद्धत बघा. तिथं संगणक दर सात दिवसांनी संस्थेच्या सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो, पण नाही मिळालं तरी एकदा मिळालेली मान्यता 180 दिवस टिकते. कार्यालयातल्या संगणकाला सहा महिने मिळतात, तर टॉवरपासून लांबच्या बागेला मोजकेच दिवस का?

कंपनीला पैसे मिळायलाच हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. थकबाकी असेल तर आलेख बंद करा, सल्ला बंद करा, मोबाईलवरचे अहवाल बंद करा. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करू नका. करारात हे एक वाक्य लेखी मागा, आणि ते द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

लायसन्सची मुदत पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये संपेल अशी मागून घ्या. आम्ही मागितली, मिळाली. नेट नसताना नूतनीकरण कसं होतं, तेही विचारा. चांगल्या यंत्रात पडद्यावर एक कोड येतो, तो फोनवर सांगितला की उलट कोड मिळतो. काहींत हायवेला रेंज मिळेल तिथं मोबाईलवर फाइल उतरवून ती ब्लूटूथनं पेटीत भरता येते. आतलं सिम कुणाच्या नावावर आहे, तेही बघा. यंत्रांची सिम बहुधा 13 अंकी नंबरची आणि कंपनीच्या नावावर असतात, त्यामुळे कंपनी बुडाली की सिमही गेलं. सर्व्हरच बंद केला तर काय होतं, तेही बघा. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचं घरातली उपकरणं चालवणारं यंत्र होतं. 2014 मध्ये नेस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीनं ती कंपनी घेतली, आणि मे 2016 मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांनी 300 डॉलर मोजून घेतलेली धडधाकट यंत्रं त्या दिवशी निकामी झाली.

आणखी एक पर्याय म्हणजे डोंगल, यंत्राला जोडायची छोटी चावी. तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर नेटशिवाय चालतं. दूध संकलन केंद्रांवर ते दिसतं. फक्त डोंगल मोडला तर नवा किती दिवसांत मिळेल, हे आधी लिहून घ्यावं.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केल्यापासून हवामान केंद्रं आणि जमिनीतले सेन्सर हे शब्द आमच्या भागात घरोघरी पोचलेत. मी स्वतः या तंत्राच्या बाजूचा आहे. आमचं पाणी त्यानं वाचलंय. म्हणूनच सांगतो, येत्या जानेवारीत बारामतीला ‘कृषिक’ प्रदर्शन बघायला जाल, तेव्हा स्टॉलवरच्या माणसाला यंत्रातलं सिम काढायला लावा, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करायला लावा, आणि मग म्हणा, आता व्हॉल्व्ह उघडून दाखवा.