संवेष्टनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : विद्यार्थ्यांस व पालकांस परिचय

‘संवेष्टन’ हा शब्द बैहरच्या बाजारात कोणी उच्चारीत नाही. पण ती वस्तू मात्र रोज प्रत्येकाच्या हाताखालून जाते. आपल्या भागात धान कणगीत राहते, मोहफुले टोपलीतून येतात, पन्नास-पन्नास पानांचे तेंदूपत्त्याचे पुडे बांधले जातात आणि माहुलीच्या पानांच्या द्रोणात जेवण वाढले जाते. माल सांभाळावा, मोजावा, वाहून न्यावा आणि घेणाऱ्याच्या हाती जसाच्या तसा द्यावा, ही गरज आपल्या वाडवडिलांनी ओळखली होती. याच गरजेचे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले असून त्याचे पदवीनंतरचे शिक्षण आपल्या देशात मिळते, ही गोष्ट मात्र आमच्या अनुभवाप्रमाणे शंभरांत एखाद्या घरालाही ठाऊक नसते. म्हणून ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत त्याची ओळख करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

हे शास्त्र कशाचे?

पुष्कळांची समजूत अशी की पॅकिंग म्हणजे माल खोक्यात भरून दोरी आवळणे. तेवढ्यासाठी पदवीधराची जरुरी नाही. खरा प्रश्न निराळा आहे. अमुक वस्तू, अमुक हवेत, अमुक दिवस, अमुक रस्त्याने जाणार असेल, तर तिला कमीत कमी खर्चात कोणते वेष्टन पुरेल? कमी पडले तर माल नासतो. जास्त झाले तर पैसा आणि कागद-प्लास्टिक वाया जाते. या दोहोंमधली नेमकी जागा हिशेबाने शोधणे, हेच संवेष्टन-अभियंत्याचे काम होय.

पावसाळ्यात आम्ही वर्गात एक साधा प्रयोग करवून घेतो. मुरमुऱ्यांचे सारख्या वजनाचे चार वाटे करावे. एक उघड्या ताटलीत, दुसरा कागदाच्या पुडीत, तिसरा पॉलिथीनच्या बांधलेल्या पिशवीत आणि चौथा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. रोज एकाच वेळी तराजूवर वजन करून आलेख काढावा. ताटलीतले मुरमुरे लवकर जड व मऊ होतात, पुडीतले त्यांच्या मागोमाग जातात, पिशवीतले बरेच तग धरतात आणि डब्यातले कुरकुरीत राहतात. वाढलेले वजन म्हणजे हवेतून शिरलेले पाणी. संवेष्टनाच्या प्रयोगशाळेतही मूळ रीत हीच आहे. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइड एका बशीत घालतात, तपासावयाचा पापुद्रा त्यावर मेणाने बंद करतात आणि बशी ३८ अंश उष्णतेच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवून वरचेवर तोलतात. चौरस मीटरमागे दिवसाला किती ग्रॅम पाणी आत गेले, त्यावरून त्या पापुद्र्याची किंमत ठरते.

हे ज्ञान आपल्या दारातल्या मालाला लावून पाहू. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या तांदळाची कीर्ती त्याच्या सुगंधामुळे आहे. तागाचे पोते मजबूत असते, रचायला सोयीचे असते व हवा खेळती ठेवते; परंतु ज्या छिद्रांतून हवा खेळते त्यांतूनच सुगंधही उडून जातो. साधे पॉलिथीन पाण्याची वाफ चांगली अडवते, पण प्राणवायू व सुगंध यांना पुरते अडवीत नाही. त्यासाठी दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचा थर त्याला जोडावा लागतो. असे अनेक थर चिकटवले की तांदूळ सुखरूप राहतो. मात्र रिकामी पिशवी पुन्हा वितळवून वापरणे कठीण होते. तेव्हा एका प्रश्नाचे उत्तर दुसरा प्रश्न उभा करते. विद्यार्थ्याने दोन्ही प्रश्न एकत्र सोडवावयाचे असतात.

पेटीचा हिशेब

आता नागपुरी संत्र्यांचे उदाहरण घेऊ. पूर्वी संत्री लाकडी पेट्यांतून जात. पुढे पन्हळी पुठ्ठ्याची खोकी आली. समजा, एका खोक्याचे भरलेले वजन १० किलो असून आठ खोकी एकावर एक रचली आहेत. सर्वांत खालच्या खोक्यावर वरच्या सातांचा, म्हणजे ७० किलोंचा भार पडेल. मग ७० किलो सोसणारे खोके पुरेल काय? पुरणार नाही. पुठ्ठा कागदाचाच असल्याने फार दमट हवेत त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. भार दिवसेंदिवस राहिला की तो हळूहळू वाकतो. आणि ट्रक खड्ड्यांतून उसळतो तेव्हा तोच भार हादऱ्याने वाढतो. म्हणून सर्वसाधारणपणे तिप्पट ते पाचपट ताकद धरतात. म्हणजे हे खोके दाबयंत्राखाली २१० ते ३५० किलोपर्यंत टिकले पाहिजे. शिवाय फळ तोडल्यावरही श्वास घेते, म्हणून खोक्याला भोके हवीत. आणि प्रत्येक भोकाने खोक्याची ताकद थोडी घटते. भोके किती व कोठे पाडावी, हाही मग गणिताचाच विषय होतो.

शिक्षण कोठे मिळते?

अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाने १९५२ साली या विषयाचे शिक्षण सुरू केले. आपल्याकडे निर्यातीचा माल वाटेत खराब होऊ नये या हेतूने भारत सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाच्या आश्रयाखाली १९६६ साली मुंबईत भारतीय पॅकेजिंग संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय अंधेरी पूर्व येथे असून चेन्नई, कोलकाता, दिल्ली, हैदराबाद इत्यादी ठिकाणी केंद्रे आहेत. शिकवण्याखेरीज ही संस्था खोकी, पिंपे व पिशव्या तपासून देते. धोकादायक रसायने परदेशी पाठवताना लागणारे प्रमाणपत्रही तिच्या तपासणीवरून मिळते.

या संस्थेचा मुख्य अभ्यासक्रम दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदविकेचा आहे. विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी किंवा अन्नतंत्र या शाखांच्या पदवीधरांसाठी तो आहे आणि प्रवेश परीक्षा घेऊन दिला जातो. कागद, पुठ्ठा, काच, धातू व प्लास्टिक यांचे गुणधर्म, छपाई, यंत्रे, मालाच्या चाचण्या, कायदे व खर्चाचा हिशेब असे विषय त्यात येतात आणि प्रत्यक्ष कारखान्यात उमेदवारीही करावी लागते. नोकरीत असलेल्यांसाठी पत्रद्वारा शिक्षणाची व अल्प मुदतीच्या वर्गांचीही सोय आहे. ज्यांचा ओढा अन्नपदार्थांकडे आहे त्यांनी म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेचीही माहिती काढावी. ती १९५० सालापासून काम करीत आहे. अर्हतेचे गुण, शुल्क व तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

कायद्याचा अभ्यासही तितकाच महत्त्वाचा आहे. बंद पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, महिना व वर्ष, भरणाऱ्याचे नाव-पत्ता छापणे २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई केली आहे, कारण शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात. एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तू १ जुलै २०२२ पासून बंद झाल्या. तेव्हापासून पानांचे द्रोण-पत्रावळी, कागद आणि ताग यांच्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे. ज्या मुलांनी माहुलीचे पान लहानपणापासून हाताळले आहे, त्यांना या कामी शहरातल्या मुलांपेक्षा चार गोष्टी अधिक ठाऊक असतात.

पालकांस दोन शब्द

आमच्या तालुक्यातील मुले-मुली मोठ्या कष्टाने बी. एस्सी. होतात आणि मग पटवारी, शिक्षक व पोलीस भरती या तीन दारांपुढे वर्षानुवर्षे रांगेत उभी राहतात. ही दारे वाईट नव्हेत. आम्ही स्वतः त्यांतल्याच एका दाराने आत आलो आहोत. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार फार असताना वयाची चार-पाच वर्षे केवळ वाट पाहण्यात जातात, आणि मुलींच्या बाबतीत तर तेवढ्यात शिक्षणाचा विषयच मिटतो. रसायन व भौतिक हे विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आणखी एक दार आहे, एवढे तरी घरात माहीत असावे.

खरे ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे शिक्षण घेतलेल्यास बैहरमध्ये नोकरी मिळणार नाही. औषधे, खाद्यपदार्थ, साबण-तेले, कागद व प्लास्टिक यांचे कारखाने जेथे आहेत तेथे, म्हणजे मुंबई, पुणे, हैदराबाद अशा ठिकाणी जावे लागेल. शुल्काशिवाय दोन वर्षे शहरात राहण्याचा खर्चही आहे, आणि तो पुष्कळ घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून आधी कुटुंबाने बसून पुरा हिशेब मांडावा. शेत गहाण टाकून मग पश्चात्ताप करू नये.

येथेच ट्रस्टचे काम सुरू होते. डॉक्टर व शिक्षक होणाऱ्यांस मदत देण्याची आपली रीत चांगलीच आहे. तिच्याबरोबर, ज्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही अशा उपयोगी शिक्षणासाठीही दरवर्षी निदान एक कर्जाऊ शिष्यवृत्ती राखून ठेवावी, असे आम्ही विश्वस्तांस विनवितो. घेणाऱ्याने ती अमानत समजून नोकरी लागताच हप्त्यांनी परत करावी, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या किंवा मुलीच्या कामी येईल. आणि सुटीत घरी आल्यावर त्याने गावच्या बचत गटातील बायांना मोहफुले, चारोळी व चिन्नोर कसे भरावे, पाकिटावर काय छापावे, हे दोन दिवस बसून शिकवावे, एवढी अट त्या शिष्यवृत्तीस जरूर असावी.