उंच उडी : पायांत ताकद, ताकदीला वेग

बाहेरच्या लोकांना दौंड माहीत असतं ते रेल्वे जंक्शन म्हणून. आपल्या वस्त्यांतल्या मुलांना मात्र ते राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ५ आणि ७ मुळे जवळचं वाटतं. भरती निघाली की पहाटे धावणाऱ्यांची रांग लागते. पण नुसतं धावून भागत नाही. राखीव बलाच्या मैदानी चाचणीत १०० पैकी ५० गुण ५ किलोमीटर धावण्याला आहेत. उरलेले ५० गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना, प्रत्येकी २५. म्हणजे निम्मे गुण क्षणात पायांतून जोर काढण्यावर ठरतात. कबड्डीत आणि व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशीही हाच जोर लागतो. तो मोजायची सोपी रीत म्हणजे जागच्या जागी मारलेली उंच उडी. ती कशी वाढवायची, ते या वेळी पाहू.

ताकद एक, वेग दुसरा

पन्नास किलोचं पोतं सहज उचलणारा माणूस उंच उडी मारेलच असं नाही. स्नायूंची पूर्ण ताकद जमा व्हायला वेळ लागतो आणि उडीत जमिनीला ढकलायला सेकंदाचा तिसरा हिस्सा जेमतेम मिळतो. म्हणून दोन कामं करावी लागतात. वजनाच्या व्यायामाने ताकदीचा साठा वाढवायचा आणि उड्यांच्या व्यायामाने तो साठा पटकन बाहेर काढायला शिकायचं.

या उड्यांच्या व्यायामाला प्लायोमेट्रिक म्हणतात. गलोलीचं रबर ताणून लगेच सोडलं तर खडा लांब जातो. तसंच स्नायू आणि शिरा आधी ताणल्या आणि लगेच आखडल्या तर उडी उंच जाते. खाली बसून थांबलात तर तो ताण वाया जातो. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली.

१९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन गटांनी सहा आठवडे सराव केला. फक्त वजन घेऊन बैठका मारणाऱ्यांची उडी सरासरी ३.३ सेंटीमीटरने वाढली, फक्त उड्या मारणाऱ्यांची ३.८ ने, आणि दोन्ही करणाऱ्यांची १०.७ ने. प्रत्येकाला एवढाच फायदा होईल असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

महागडी जिम नाही म्हणून अडून बसू नये. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे गावातच उंच उडी शिकला. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत त्याने २.२८ मीटर उडी मारून सहावा क्रमांक मिळवला. त्या स्पर्धेच्या उंच उडीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय.

आधी मोजा

भिंतीजवळ उभे राहून हात वर करा आणि खडूने खूण करा. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करा. दोन्हींतलं अंतर म्हणजे तुमची उडी. तीनदा मारून सर्वांत चांगली वहीत लिहा. दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा.

आठ आठवड्यांचा सराव

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवस विश्रांती. आधी दहा मिनिटं हलकं धावून अंग गरम करा.

पहिले चार आठवडे : बैठका, एक पाय पुढे टाकून बैठक, पायरी चढणे आणि टाचा उचलणे. प्रत्येकी ८ ते १० वेळा, असे तीन फेरे. वजनासाठी पाठीवरच्या बॅगेत वाळू किंवा विटा भरा; २० लिटरचा भरलेला जार म्हणजे २० किलो. सोबत उतरण्याचा सराव करा : छोटी उडी मारून आवाज न करता, गुडघे वाकवून, गुडघे आत न वळता उतरणे.

पुढचे चार आठवडे : उड्या आधी, वजन नंतर. पाय ताजे असतानाच वेग शिकता येतो. जागेवरून उंच उडी, पुढे लांब उडी, आणि साधारण ३० सेंटीमीटरच्या भक्कम पायरीवर उडी, प्रत्येकी ५ वेळा, तीन फेरे. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं थांबा. एकूण उड्या ५० च्या आसपास, जास्त नाही. मग वजन वाढवून बैठका ५ ते ६ वेळा, चार फेरे.

उड्या मातीवर किंवा गवतावर मारा; डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटवर नको. उडी खाली येऊ लागली की त्या दिवशीचा सराव संपला समजा.

वीणेची तार

सोण नावाच्या भिक्खूने अतिश्रमाने पाय रक्ताळून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचं उदाहरण दिलं. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. सरावालाही हेच लागू आहे. कुरकुंभच्या एमआयडीसीत दिवसभर उभं राहून ड्युटी केलेल्या मुलाने त्या संध्याकाळी निम्माच सराव करावा.

१५ वर्षांखालच्या मुलांनी जड वजन घेऊ नये. अंगाच्या वजनावरच्या बैठका आणि छोट्या उड्या पुरेत. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखून गाठ आल्यासारखं वाटलं तर उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवा. मुलींना हा सराव मुलांइतकाच फायद्याचा आहे. दम लवकर लागत असेल तर आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा.

पावडर नको, ताट बघा

भरतीच्या नावाखाली हजारो रुपयांचे डबे आणि इंजेक्शनं विकली जातात. घरातली बचत त्यात घालवू नका, इंजेक्शनांच्या तर वाटेलाही जाऊ नका. साठ किलोच्या सराव करणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण ८५ ते ९५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५, शंभर ग्रॅम सुक्या हरभऱ्यात २० च्या आसपास, आणि शंभर ग्रॅम सुक्या सोयावड्यांत सुमारे ५०. डाळ-भाकरी आणि घरात चालत असेल तर सुकट, एवढ्यात हिशेब बसतो. रात्रीची आठ तास झोपही खुराकच आहे.

विहाराच्या अंगणात पाच-सहा मुलामुलींचा गट करा, एकाने दुसऱ्याचे गुडघे बघावेत, एकाने वही सांभाळावी. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा असं सांगितलं. ते मैदानावरही खरं आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.