मनातले कप्पे आणि आपली गोटमार

मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी शेजारी शेजारी असतात. वर झाकण एकच, पण एकीचा कण दुसरीत जात नाही. माणसाचे मनही पुष्कळदा असेच असते. ज्या दोन भावना एकत्र आल्या असता क्लेश व्हावयाचे, त्यांना ते निरनिराळ्या जागी ठेवते. ह्यास आपण कप्पेबंदी म्हणू. दमनाहून ती निराळी. दमनात नकोशी गोष्ट जाणिवेतूनच हद्दपार होते. कप्पेबंदीत दोन्ही गोष्टी ठाऊक असतात, फक्त त्यांची गाठ पडू दिली जात नाही. हिच्या जवळची 'विलगीकरण' ही युक्ती सिग्मुंड फ्रॉइड यांनी १९२६ साली वर्णिली, व त्यांची कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या ग्रंथात मनाच्या संरक्षक युक्त्यांत तिची गणना केली.

उदाहरणासाठी आपल्या वाचकांना दूर जावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि सावरगाव व पांढुर्णा समोरासमोर उभे राहतात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळविली व नदीत त्या दोघांवर दोन्ही तीरांवरून दगड पडले, ही दंतकथा सर्वश्रुत आहे. बहुतेक वर्षी शेकडो जखमी होतात. जीवही गेले आहेत. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी गोटेच उचलले.

नवल गोट्यांचे नाही, दुसऱ्या दिवसाचे आहे. दोन्ही तीरांत सोयरीक आहे. काल जिकडे गोटा भिरकावला, तिकडेच आज मेव्हण्याच्या कपाळावरची पट्टी पाहावयास जातात, तेथेच चहा घेतात, आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. आमच्या मते ही कप्पेबंदी नसती तर सोयरीक टिकली नसती. परंतु ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराचे दुःख 'घर' ह्या कप्प्यातच राहते. ते 'परंपरा' ह्या कप्प्यात पोचत नाही, आणि पुढल्या पोळ्याला पुन्हा गोटे जमतात.

गावकऱ्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. वर्गात आम्ही प्रथमोपचार शिकवितो, रक्तस्राव कसा थांबवावा ते फळ्यावर काढून दाखवितो. आणि त्या दिवशी गच्चीवर उभे राहून, झाड पडताच टाळ्या वाजवितो. एका वर्षी आमच्याच वर्गातला मुलगा डोक्याला टाके घेऊन आला. "सर, तुम्ही बी होते ना गच्चीवर?" त्याने आनंदाने विचारले. आम्ही हजेरीपट उघडला व पुढचे नाव पुकारले.