पाय कुठं होते, ते आधी विचारा

ऑक्टोबर 2020. सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली होती, सीनाकाठच्या शेतांत पाणी उभं होतं, आणि त्यातच कोरोना. कुर्डुवाडीच्या आसपासच्या वस्त्यांवर मी आरोग्यसेवक म्हणून घरोघरी ताप शोधत फिरत होतो. खोकला आहे का, वास येतो का, कुणाच्या संपर्कात आलात का, एवढेच प्रश्न तोंडात बसलेले.

एका वस्तीवर तिशीतला गडी घोंगडी पांघरून बसला होता. म्हणाला, "डॉक्टर, खोकला न्हाय, पण पोटऱ्या लई ठणकत्यात." आमच्याकडं आरोग्यसेवकालाही लोक डॉक्टरच म्हणतात, म्हणून तर जास्त जपून ऐकायला हवं. डोळे लाल होते, चिपडं मात्र नव्हती. मी यातलं काहीच वहीत लिहिलं नाही. नाकाचा नमुना घेतला, तो निगेटिव्ह आला, तापाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या घरी गेलो.

सहाव्या दिवशी त्याला कावीळ दिसली, लघवी जवळजवळ थांबली. सोलापूरला दाखल केलं, डायलिसिस करावं लागलं. तिथली लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, पहिली चाचणीही निगेटिव्हच होती. चार दिवसांनी पुन्हा रक्त काढलं, तेव्हा निदान झालं. गडी वाचला. पण आधीचे ते दिवस माझ्या हातून गेले, हे मी विसरलेलो नाही.

नंतर त्याच्याजवळ बसून मागचे वीस दिवस उलगडले. पाऊस थांबल्यावर तो तीन दिवस अनवाणी उसात उतरून तुंबलेलं पाणी काढत होता. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. उसात उंदीर-घुशी नेहमीच्याच. त्यांच्या मुतातले जंतू ओल्या मातीत टिकतात आणि अशा फुटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात, कधी महिनाभरही. तोवर पाणी ओसरलेलं असतं आणि माणूस ते विसरूनही जातो. म्हणून "पाण्यात गेला होता का?" एवढं विचारून भागत नाही. दारं कुणी धरली, मोटर काढायला विहिरीत कोण उतरलं, ओढा कुठून ओलांडला, असं एकेक काम घेऊन विचारा.

आपली चूक जगभर झालेली आहे. 1995 साली निकाराग्वात मोठ्या पावसानंतर आचुआपा भागात ताप येऊन फुप्फुसांत रक्तस्राव होऊ लागला. आधी डेंगीचा संशय आला. कावीळ नव्हती, म्हणून लेप्टो कुणाच्या मनातही नव्हता. आजारी आणि धडधाकट अशा दोन्ही माणसांना तेच प्रश्न विचारले, तेव्हा ओढ्यातून चालणं आणि घरातले उंदीर पुढं आले. धडधाकट शेजाऱ्यालाही विचारायचं, हे मला फार मोलाचं वाटतं. नाहीतर सगळी वस्तीच ओढा ओलांडत असते आणि आपण उगाच ओढ्याला धरून बसतो. आपल्याकडं 26 जुलै 2005 च्या पावसानंतर मुंबईत हाच आजार उसळला होता. आणि ऊस म्हणाल, तर 1934 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इंगहॅमकडं ऊसतोड मजुरांनी या तापापायी संप केला. उंदीर हटावेत म्हणून तोडीआधी फड जाळा, ही त्यांची मागणी होती. पाचट जाळा असं मी सांगणार नाही, रानाला ते लागतं. पण टोळ्यांना गमबूट द्यायला काय हरकत आहे?

आशाताईंनो, नव्या आरोग्यसेवकांनो, एका कागदावर नाव, काम, ताप कोणत्या तारखेला चढला आणि घर कुठं, एवढं लिहीत चला. तारीख तर हवीच. पहिल्या आठवड्यात अँटिबॉडीची चाचणी अनेकदा काही दाखवत नाही, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर पेशंट सोडू नका. दुसरा नमुना घ्यायला लावा. संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. मात्र पोटऱ्या, लाल डोळे आणि चिखल ही माहिती तुम्ही त्यांच्यापर्यंत पोचवायला हवी.

मागच्या पावसाळ्यात तापानं फणफणलेल्या एका मावशींना मी विचारलं, पाण्यात कुठं उतरला होता? म्हणाल्या, "बाबा, मी तर घर सोडलं न्हाय. गोठा तेवढा रोज हातानं काढते." गायीम्हशींच्या मुतातूनही हा रोग येतो, हे मला पाठ होतं, तरी माझ्या कागदावर गोठ्याला जागा नव्हती. तिथंच उंबऱ्यावर बसून मी आणखी एक रकाना आखला.