आवाजावरून ओळखा इंजिन

निफाड परिसरातील द्राक्षबागांतून फिरताना निरनिराळी इंजिने ऐकू येतात. पाणी उपसणाऱ्या जुन्या तेल-इंजिनाची ‘डुग डुग’, फवारणीच्या ट्रॅक्टरची घरघर, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा अखंड स्वर. सगळ्यांत इंधनच जळते; मग आवाज वेगळे का? ब्लॉक म्हणजे इंजिनाचा ओतीव ठोकळा जसा, तसा त्याचा आवाज, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा, हे आपण साध्या गणिताने तपासू.

ठोके मोजू या

फोर स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार धावा होतात : वायू आत घेणे, तो दाबणे, इंधनाचे ज्वलन आणि धूर बाहेर टाकणे. एवढ्यात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदाच ज्वलन होते. नंतर धुराची झडप उघडताच दाबलेला तप्त वायू नळीत उसळतो. हवेला बसणारा हा धक्का म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा ठोका. यावरून सूत्र मिळते :

सेकंदाला ठोके = मिनिटाच्या फेऱ्या × सिलिंडरांची संख्या ÷ १२०

लिस्टर नमुन्याचे जुने एक-सिलिंडर इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्या घेते. त्याचे ठोके सेकंदाला सुमारे साडेपाच पडतात; म्हणून ते सुटे सुटे ऐकू येतात. सेकंदाला साधारण २० च्या पुढे ठोके गेले, की आपल्या कानाला ते वेगळे करता येत नाहीत आणि त्यांचा सलग स्वर होतो.

आता तीन मोटारी घेऊ. २००९ मध्ये आलेल्या टाटा नॅनोला दोन सिलिंडर होते, १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला तीन, तर मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला चार. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या, तर त्यांचे ठोके सेकंदाला अनुक्रमे ५०, ७५ व १०० येतात. सिलिंडर वाढले, तसा स्वर चढला!

मग मांडणीने काय होते?

या तिन्ही मोटारींत सिलिंडर एका ओळीत होते. काही इंजिनांत ते इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन तिरक्या रांगांत असतात. त्यामुळे लांबी कमी होते. फोक्सवॅगन बीटल या जुन्या जर्मन मोटारीत चार सिलिंडर आडवे, समोरासमोर होते. समोरासमोरचे दट्टे एकाच वेळी बाहेर जातात व एकाच वेळी आत येतात, म्हणून एकमेकांचे हादरे बरेचसे मारतात.

मांडणीचा पहिला परिणाम असा जागेवर व हादऱ्यांवर होतो. बीटल आणि पद्मिनी या दोघींत ज्वलन दर १८० अंशांनी, समान अंतराने होते. फेऱ्या सारख्या असतील, तर ठोकेही सारखेच. तरी आवाज वेगळा भासतो, कारण धुराच्या नळ्यांची लांबी, सायलेन्सर आणि थंड करण्याची पद्धत निराळी असते. तबला व मृदंग एकाच लयीत वाजवले तरी नाद वेगळाच, तसे हे आहे.

मांडणीमुळे ठोक्यांमधील अंतर बदलले, तर मात्र लय बदलते. हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलच्या प्रसिद्ध इंजिनात दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असून दोन्ही दट्टे क्रँकच्या एकाच खुंटीला जोडलेले असतात. त्यामुळे ज्वलनांत एकदा ३१५ आणि एकदा ४०५ अंशांचे अंतर पडते. बेरीज ७२०, म्हणजे दोन फेऱ्याच. पण चाल लंगडी!

कान हेच उपकरण

या माहितीचा उपयोग गॅरेजमध्ये रोज होतो. चार सिलिंडरांचे इंजिन जागेवर मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालू असता सेकंदाला सुमारे २७ ठोके पडतात. एक सिलिंडर बंद पडला, तर दर चौथा ठोका गळतो. ही रिकामी जागा सेकंदाला सुमारे सात वेळा येते, म्हणून सलग स्वरात ‘फट फट’ अशी अडखळ ऐकू येते. अनुभवी मेकॅनिक बॉनेट उघडण्यापूर्वीच सांगतो, “गाडी तीनवर चालतेय.” तशीच दामटली, तर न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन धूर शुद्ध करणारा भाग तापवते व निकामी करते. वेळीच ऐकले, तर मोठा खर्च वाचतो.

सायलेन्सर काढून मोटारसायकल पळवणाऱ्यांनीही हे सूत्र पाहावे. त्यात सायलेन्सर कोठेच नाही! तो काढल्याने ठोके वाढत नाहीत, फक्त गोंगाट वाढतो. कान बिघडतात आणि कायदाही मोडतो.

करून पाहा

१. संथ चालणाऱ्या एक-सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिनापासून दूर, मोकळ्या हवेत उभे राहा. प्रत्येक ठोक्याला कागदावर पेन्सिलीने एक टिंब द्या. १० सेकंदांतील टिंबांना १२ ने गुणा. मिनिटाच्या फेऱ्या मिळतील. का, ते सूत्रावरून शोधा.

२. बजाजच्या जुन्या टू स्ट्रोक स्कूटरमध्ये प्रत्येक फेरीला ज्वलन होई. तिच्यासाठी सूत्रात १२० च्या जागी कोणती संख्या येईल?