चिखलणीनंतर पॉवर टिलरच्या वळण-क्लचची निगा

हिरकणीवाडीसारख्या गडाच्या पायथ्याच्या गावात भातखाचरे लहान आणि उतारावर. टिलर वारंवार वळवावा लागतो. बांधाच्या कडेला वळण-क्लच अडकला तर यंत्र माणसासह खालच्या खाचरात जाते.

मुठीखालची डावी तरफ दाबली की डाव्या चाकाची ताकद तुटते व टिलर डावीकडे वळतो. सोडलेली तरफ लगेच मागे यावी. ती रेंगाळत असेल तर बहुधा केबलमध्ये चिखल शिरून गंज चढलेला असतो. चिखलणी संपताच टिलर धुऊन वाळू द्यावा. केबलचे वरचे टोक सोडवून उभे धरावे आणि खालून निथळेपर्यंत पातळ तेल थेंबाथेंबाने सोडावे. तरफेच्या खिळीलाही तेल द्यावे. तारेचे धागे तुटले असल्यास तेलाने भागत नाही, केबल बदलावीच. केबल फार ताणून बसवू नये. क्लच अर्धवट सुटलेला राहतो व त्याचे दात झिजतात. तरफेची मोकळी हालचाल यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

एवढे करूनही उतारावर सावध राहावे. खाली येताना डावी तरफ दाबल्यास डावे चाक मोकळे धावते, उजवे इंजिन रोखून धरते, आणि टिलर उजवीकडे वळतो! नवखे चालक येथेच फसतात. उतारावर तरफेला हात न लावता, खालच्या गिअरमध्ये, मूठ रेटूनच टिलर वळवावा.